बादलीतली कादार्का

ओझेबनं सकाळी सातलाच ठरवून टाकलं.
एमेशे येणार, तिचा तो ट्राम चालवणारा मुलगा येणार,
म्हणजे दोन हजार अकराचीच काढायची.
ओकच्या पिंपात तीन वर्षं निजलेली,
काळी म्हणावी इतकी लाल.
तळघराच्या पिवळ्या मातीतून वर आणली
तान्हं मूल आणावं तशी, मानेखाली हात धरून.

मी म्हटलं, बाहेर अडतीस आहे.
कुत्रं अक्रोडाखाली जीभ टाकून पडलंय.
तिकाटण्याला टांगलेल्या कढईत
कार्पचं कालवण रटरटतंय, पाप्रिकानं लालबुंद,
वरून शेवया पडतील,
शेजारी काकडी, आणि आधी आंबट चेरीचं गार सूप.
यात ही कुठे बसवू?
नाकापेक्षा मोती जड.

तो बाटली पुसत राहिला.

माझं निवडणं निराळं.
मी आधी सावली बघते,
दोन वाजता ती टेबलाच्या कुठल्या कोपऱ्यावर असेल.
मग ताटातलं तेल. मग तिखट.
मग कोण कुणाशी बोलत नाहीये.
डुकराची मान निखाऱ्यावर असेल तर केकफ्रांकोश,
तिला जरा धार आहे, चरबी कापत जाते.
रविवारच्या उरलेल्या सॉसेजला पोर्तुगीझर,
ती फार प्रश्न विचारत नाही.
आणि ऑगस्टात, मासा असेल, तिखट असेल,
कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत असेल, तर कादार्का.
फिकी. काचेतून पलीकडचं बोट दिसावं इतकी.
दोन तास विहिरीत.

कादार्काची साल पातळ.
दोन दिवस झड लागली की घडच्या घड कुजतात.
म्हणून खालच्या आळीत सगळ्यांनी उपटली.
आमच्या सात ओळी उरल्यात वरच्या बांधाला,
माझ्या हट्टानं.
गेल्या आठवड्यात ओझेब खडू घेऊन वर गेला,
खांबाखांबावर फुली मारून आला.
नोव्हेंबरात काढायच्या.
मी भांडले नाही.
संध्याकाळी जाऊन फुल्या मोजल्या फक्त.

तर जेवायला बसलो.
ओझेबनं ओतली. वास घेतला. डोळे मिटले.
बार्नाबाशनंही मिटले, शिकलेला मुलगा.
एक घोट घेतला आणि
भर उन्हात कुणी लोकरीचा कोट चढवावा
तसा त्याचा चेहरा झाला.
कालवणाचा चमचा. पुन्हा घोट.
तिखट आणि ओक त्याच्या तोंडात भांडत होते,
बाहेर ऐकू येत होतं.
पेला संपवला त्यानं, प्रामाणिकपणे.
मग कॉलर सैल करत, अगदी हळू, विचारलं,
"थोडा सोडा मिळेल का?
यात घालायला?"

एमेशेनं टेबलाखालून त्याला लाथ मारली.
कढई एकटीच रटरटत होती.
दोन हजार अकरामध्ये सोडा!
ओझेबच्या मिशा हलल्या, शब्द आला नाही.

मी उठले.
विहिरीचा रहाट कुरकुरला,
बादलीत दोन बाटल्या, लेबल नसलेल्या,
अंगावर थेंब घेऊन वर आल्या.
मी काही बोलले नाही, ओतली.
पहिला पेला मुद्दाम ओझेबला नाही दिला.

नंतर कालवण दोनदा वाढावं लागलं.
बार्नाबाशनं डेपोतल्या गोष्टी सांगितल्या,
तेरा नंबरच्या ट्राममध्ये कुणी हंस विसरून गेलं होतं,
जिवंत.
एमेशे हसता हसता ठसकली.
सावली टेबलावरून उतरून गवतात गेली
तरी कुणी खुर्ची हलवली नाही.
दुसरी बाटली संपत आली तेव्हा
ओझेबनं माझ्याकडे न बघता पेला पुढे सरकवला.
प्याला. पेला उजेडाला धरला.
"मिरीसारखं लागतं काहीतरी," म्हणाला,
जणू ही वेल त्याच्या बापानं लावलीच नव्हती.

अकराची अर्धी उरली.
तिला बूच लावून ठेवलंय.
डिसेंबरात हरणाच्या मटणाबरोबर काढेन,
तेव्हा ती राणी असेल, मी कुठे नाही म्हणते.

सकाळी वर गेले शेंडे खुडायला.
सात खांब, एकावरही फुली नाही,
लाकडावर ओल्या बाहीचे फराटे तेवढे.
खाली येऊन विचारलं.
"पाऊस पडला असेल रात्री,"
तो बूट पुसत म्हणाला.

तीन आठवडे झाले, आमच्याकडे
थेंब नाही.